पांजरपोळाचें पुण्य कोणाचें आणि उपास कोणाचे ?

आमच्या तालुक्याच्या गांवाबाहेर जो पांजरपोळ आहे, त्याच्याविषयीं गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे बरींच पत्रें आलीं. लिहिणारांत शेतकरी आहेत, मास्तर आहेत, आणि तेथेंच शेण काढणारा एक गडीही आहे. सर्वांची तक्रार एकच : जनावरें चिखलांत उभीं असतात, वाळल्या काडाशिवाय त्यांच्यापुढें कांहीं पडत नाहीं, डॉक्टर येतो तो जनावर मेल्यावर, आणि हिशेब विचारला कीं उत्तर मिळतें, "धर्मकार्यांत हिशेब कसला ?"

ऐकीव गोष्टीवर लिहूं नये म्हणून आम्हीं स्वतः जाऊन पाहिलें. दाराशीं संगमरवरी पाटीवर दात्यांचीं नांवें सोनेरी अक्षरांत झळकत आहेत. आंत पाण्याचा हौद तळाला गेलेला आहे. फलकावर खडूनें लिहिलेल्या आंकड्याइतकीं जनावरें आम्हांस दिसलीं नाहींत. "कांहीं चरायला गेलीं आहेत," असें चालक म्हणाले. असेलही. पण गायरान उरलें आहे कोठें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं.

चालकांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणतात, मदत वेळेवर येत नाहीं, चारा महाग झाला, आणि रात्रीं कोणी तरी दाराशीं भाकड जनावर बांधून पळून जातो. यांत खोटें कांहीं नाहीं. 300 किलो वजनाच्या जनावरास रोज 6 ते 7 किलो सुका चारा लागतो. शंभर जनावरें म्हटलीं तर महिन्याला सुमारें 20 टन झाला. सप्टेंबर 2024 मध्यें महाराष्ट्र सरकारनें गाईस 'राज्यमाता' ही पदवी दिली आणि गोशाळेंतील देशी जनावरामागें रोज 50 रुपये देण्याचें ठरविलें. म्हणजे वर्षाला 18,250 रुपये. त्यांत चारा, पाणी, औषध आणि गड्याचा पगार भागवावयाचा. पदवी स्वस्त, पेंढी महाग !

पण येथेंच खरी गोम आहे. 4 मार्च 2015 पासून या राज्यांत गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. कायदा जात पाहत नाहीं. गावठी बैल असो कीं संकरित गाईचा खोंड असो, सर्वांस तो सारखाच लागू. अनुदान मात्र देशी जनावरापुरतें. दूध डेअरीला घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला आज बहुधा संकरित गाय असते. तिचा गोऱ्हा औताच्या कामाचा नाहीं, बाजारांत त्यास गिऱ्हाईक नाहीं, आणि पांजरपोळास त्याचे पैसे मिळत नाहींत. मग तो जातो कोठें ? जातो रस्त्यावर, किंवा शेजाऱ्याच्या उभ्या पिकांत. शहरांत बसून गाईचा जयजयकार करणारास पुण्य लागतें, आणि त्या पुण्याचें बिल कुणब्याच्या दावणीला येतें.

हें आजचें नाहीं. मुंबईंत 1832 सालीं भटकीं कुत्रीं मारण्यावरून दंगा झाला आणि 1834 सालीं सर जमशेटजी जिजीभाई व इतर शेटमंडळींनीं तेथें पांजरपोळ काढला. काम चांगलें होतें. पण त्याचा खर्च व्यापारावरील लाग्यांतूनही निघत असे. पुढें गांवोगांवच्या आडतींत धर्मादाय, गोशाळा अशा नांवांनीं शेतकऱ्याच्या पट्टींतून पैसे कापण्याची चाल पडली. 1928 सालच्या शेतकी रॉयल कमिशनलाही बाजारांतील असल्या कपातींची दखल घ्यावी लागली. माल कुणब्याचा, कपात कुणब्याची, आणि पाटीवर नांव आडत्याचें ! महात्मा जोतीराव फुले यांनीं 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्यानें गुरांचें चराऊ रान हिरावल्याचें दुःख मांडलें होतें. गुरांची खरी कळकळ असणारा मनुष्य आधीं चाऱ्याचा प्रश्न विचारतो, पाटीचा नव्हे.

कोणी म्हणेल, धर्मादाय संस्थेस जाब विचारणारे तुम्ही कोण ? आमचें उत्तर सरळ आहे. 1960 सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें जनावर ज्याच्या ताब्यांत असेल तो मालकच समजला जातो, आणि त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा गुन्हा आहे. कसायाला एक कायदा आणि पांजरपोळाच्या अध्यक्षाला दुसरा, असें त्यांत लिहिलेलें नाहीं. 1950 सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें संस्थेचे हिशेब दरसाल तपासून घ्यावे लागतात. शिवाय हिशेबावांचून संशय वाढतो, आणि संशय वाढला कीं प्रामाणिक चालकासही देणगी मिळत नाहीं. एक उदाहरण घ्या. वहींत 50 जनावरें आणि दावणीला 30, असें कोठें असलें, तर 20 जनावरांचे महिन्याला 30,000 रुपये न खातां पचतात.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या पण स्पष्ट आहेत. प्रत्येक जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा नंबर, आल्याची तारीख व मेल्याची तारीख दाराशीं लावावी. जमाखर्च दरमहा चावडीवर वाचावा. सरकारी पशुवैद्यानें आठवड्यास एक फेरी करून शेरा वहींत लिहावा. देखरेख मंडळींत निदान निम्मे शेतकरी व पशुपालक असावेत, आणि शेण काढणाऱ्या गड्याचा पगार अध्यक्षांच्या हारतुऱ्यांआधीं द्यावा. सरकारनें कायदा सर्व जनावरांस लावला आहे, तर अनुदानही सर्व जनावरांस लावावें. आणि गायरानावरील अतिक्रमण काढून तें गुरांस परत द्यावें.

आतां दोन शब्द आमच्याच बांधवांस. ज्या बैलानें दहा वर्षें तुमचें औत ओढलें, त्यास रात्रीं काळोखांत दुसऱ्याच्या दाराशीं बांधून येऊं नका. पोसणें जमत नसेल तर दिवसाढवळ्या जा, वहींत आपलें नांव लिहा, आणि सुगींत वैरणीच्या चार पेंढ्या नेऊन टाका. पेंढी टाकणारास हिशेब मागण्याचा हक्क कोणी नाकारूं शकत नाहीं. येत्या ग्रामसभेंत हा विषय काढा. मुक्या जनावरास तक्रारअर्ज लिहितां येत नाहीं, आपल्यास येतो.