गणिताचा गटप्रकल्प: मार्क चौघांना, गणित मात्र एकालाच?

वर्ष संपत आलं आणि गणिताची प्रकल्प फाइल जमा करायची तारीख जवळ आली, की पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. कार्डशीट कोण आणणार? प्रिंट कोणाच्या घरी निघतील? चौघांच्या गटात एक जण क्लासला जातो, तो गणितं सोडवतो. जिचं अक्षर चांगलं, ती लिहिते. तिसऱ्याच्या घरी कलर प्रिंटर असतो आणि चौथा स्केचपेनने चौकटी आखतो. फाइल देखणी होते, चौघांनाही सारखेच मार्क मिळतात.

कामं वाटून घेतली, यात वरवर काहीच चूक दिसत नाही. पण ज्याला गणित आधीच येत होतं, त्यानेच ते पुन्हा केलं. ज्याला सरावाची खरी गरज होती, तो चौकटी आखत बसला आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर मात्र सगळं छान दिसलं. त्याची अडचण पुढे लेखी परीक्षेतच कळणार, तीही उशिरा.

या मार्कांचं वजन किती?

राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे 80 गुण लेखी परीक्षेचे असतात, 40 बीजगणिताचे आणि 40 भूमितीचे. उरलेले 20 गुण शाळेच्या हातात, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. असे गुण किती फरक पाडतात यावर 2019 मध्ये बरीच चर्चा झाली होती. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद होते. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. गुण परत सुरू झाल्यावर 2020 मध्ये तो 95.30 टक्के लागला. अभ्यासक्रम बदलला होता, नंतर कोरोना आला, त्यामुळे सगळं श्रेय किंवा दोष या गुणांना देता येणार नाही. पण शाळेने दिलेल्या मार्कांवर किती विश्वास ठेवायचा, ही शंका तेव्हापासून अधिकच ठळक झाली.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार येणाऱ्या समग्र प्रगतिपत्रकात प्रकल्प, गटकार्य आणि वर्गमित्रांनी केलेलं मूल्यमापन या सगळ्याची नोंद अपेक्षित आहे. म्हणजे गटप्रकल्प कमी होणार नाहीत, वाढतील.

मुलं आळशी असतात का?

हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समधले शेतीतज्ज्ञ मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना एकट्याने आणि गटाने दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. त्यांचा अहवाल 1913 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ जण एकत्र ओढत होते, तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या जेमतेम निम्मा भरला. याचं एक कारण म्हणजे सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. पण 1979 पासूनच्या मानसशास्त्रीय प्रयोगांत दुसरं कारणही पुढे आलं. आपला वाटा वेगळा मोजला जाणार नाही हे कळलं, की माणूस हात आखडता घेतो. वाटा वेगळा दिसणार असेल, तर ही ढिलाई बरीच कमी होते.

म्हणजे दोष मुलांच्या स्वभावाइतकाच मार्क देण्याच्या पद्धतीतही आहे.

मग प्रकल्प कसा असावा?

चौघांची खरोखर गरज पडेल असा विषय हवा. ‘थोर गणितज्ञांची माहिती’ एकटा मुलगा झेरॉक्सच्या दुकानातून किंवा चॅटजीपीटीकडून दहा मिनिटांत आणतो. त्यापेक्षा दहावीच्या अर्थनियोजन प्रकरणातला जीएसटी घ्या. पुस्तकातल्या उदाहरणांत 12 आणि 28 टक्क्यांचे दर आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून मात्र बहुतेक वस्तू 5 किंवा 18 टक्क्यांत आल्या, वह्या-पेन्सिलींवरचा कर शून्य झाला आणि कंपासपेटीवरचा 12 वरून 5 टक्के. पुस्तक जुनं झालं ही तक्रार खरी, पण प्रकल्पासाठी ती आयती संधी आहे.

प्रत्येकाने आपापल्या घरची बिलं आणायची, मूळ किंमत आणि कर वेगळा काढायचा, मग जुन्या दराने तुलना करायची. चौघांचे आकडे वेगळे, त्यामुळे कॉपी करायला काही उरत नाही. तक्ता आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकत्र.

आणि शेवटी प्रत्येकाला एक तोंडी प्रश्न. उदाहरणार्थ, 12 टक्के करासह 112 रुपयांना मिळणारी कंपासपेटी 5 टक्के कराने कितीला पडेल? घाईत बरीच मुलं 112 चे 7 टक्के वजा करतात, उत्तर येतं 104 रुपये 16 पैसे. खरं उत्तर 105, कारण कर 112 वर नाही, 100 वर लागतो. स्वतः बिलं सोडवलेला मुलगा इथे अडखळला तरी सावरतो. नुसत्या चौकटी आखलेल्याला सावरणं अवघड जातं.

साठ मुलांच्या वर्गात हे जमेल का? चौघांचे 15 गट, प्रत्येक गटाला पाच मिनिटं, म्हणजे 75 मिनिटं. साधारण दोन तासिका. अशक्य नाही, पण त्या दोन तासिका वर्षाच्या शेवटी मिळत नाहीत. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर 8 ते 25 एप्रिलला ठेवल्या होत्या आणि निकाल 1 मे रोजी द्यायचा होता. त्यात पेपर तपासणं आणि शिक्षकांवर पडणारी शाळेबाहेरची सरकारी कामं. म्हणून नववीचा प्रकल्प जानेवारीतच सुरू व्हायला हवा आणि बिलं, प्रत्येकाची आकडेमोड, एकत्रित तक्ता असं टप्प्याटप्प्याने वहीत पाहिलं जायला हवं. दहावीला तर तो दिवाळीनंतर लगेच.

मित्रांनी एकमेकांना मार्क द्यावेत, ही कल्पना मला फारशी पटत नाही. मैत्री आणि भांडणं दोन्ही त्यात उतरतात. त्याऐवजी ‘कोणी काय केलं’ याची एकेक ओळ प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून दिली, तर चार चिठ्ठ्या शेजारी ठेवताच शिक्षकांना बरंच कळतं. आणि एखाद्याने बिलं आणलीच नाहीत, तर उरलेल्या तिघांच्या आकड्यांवर तक्ता पूर्ण धरावा. त्याचा रकाना रिकामा राहू द्यावा, मार्क फक्त त्याचेच कापावेत.