लेकीच्या वाट्याचे मैदान



कॉलेजांतून मुलींच्या कबड्डीचे संघ निवडले जाऊ लागले, की पुष्कळ घरांत एकच वाद सुरू होतो. पोरीला खेळायला पाठवायचे की नाही? आमच्या भाईंदर पूर्वेला नवघर रोड, गोडदेव, खारीगाव या भागांत कष्टकऱ्यांची वस्ती मोठी. बाप स्टीलच्या गाळ्यात किंवा वॉचमनच्या ड्यूटीवर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. संध्याकाळी पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार? मोठी मुलगी! शाळेत असेपर्यंत तिचे खेळणे चालते. कॉलेजात गेली, की "आता पुरे झाले" असे म्हणून तिचे मैदान बंद होते. तिच्याच भावाला मात्र रात्री नऊपर्यंत खेळलास तरी कुठे होतास, असे कुणी विचारीत नाही.

खरे तर खेळाची खरी शिडी कॉलेजातच लागते. मुलगी आधी आपल्या कॉलेजच्या संघात येते. मग मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळते. तिथे चमकली तर विद्यापीठाच्या संघात निवड होते, आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत परराज्यांतील मुलींशी गाठ पडते. ही शिडी चढण्याची वर्षे तीन-चारच असतात. नेमक्या त्याच वर्षांत आपण तिला घरी बसवतो.

पालकांचे आक्षेप तीन. पहिला, लोक काय म्हणतील? दुसरा, हातपाय मोडला तर लग्न कसे होणार? तिसरा, खेळून पोट भरते का?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी तिथे सांगितले. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही आयांना बजावले. त्या बापाचा फोटो घरात लावायचा आणि मुलगी शॉर्ट घालून मैदानात उतरली म्हणून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, हे कसे जमावे?

दुसरा आक्षेप अगदीच खोटा नाही. कबड्डीत गुडघा आणि घोटा दुखावतो. परंतु खेळण्यापूर्वी अंग नीट मोकळे केले, पायात चांगले बूट असले आणि शिकविणारा जाणकार असला तर धोका पुष्कळ कमी होतो. मुलगी कुणाच्या हाताखाली शिकते, तिथे आणखी मुली आहेत का, सुटते किती वाजता, हे आईने स्वतः जाऊन पाहावे. चौकशी करणे हा आईचा हक्कच आहे. चौकशी न करता बंदी घालणे हा मात्र अन्याय आहे.

तिसऱ्या आक्षेपासाठी लोअर परळच्या सोनाली शिंगटेचे उदाहरण घ्या. वडील सुरक्षारक्षक, आई अपंग असूनही खानावळ चालविणारी. सोनाली महर्षी दयानंद कॉलेजात असताना कबड्डीकडे वळली. बूट घ्यायला घरात पैसे नव्हते. शिवशक्ती महिला संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी तिला बूट आणि खेळाचे साहित्य दिले. पुढे तिला पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून 24-27 अशा हरल्या, आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्या संघात सोनाली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे भारतीय मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असे, केवळ एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक. त्याही संघात सोनाली होती!

प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही, हे मान्य. पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस खात्यातही खेळाडूंना संधी असते. एक मात्र ध्यानात ठेवावे, कुठल्याही स्पर्धेचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे आधी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे शाळेच्या दाखल्यासारखी जपावीत. नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याकडून त्यांची पडताळणी करून घ्यावी लागते. पैसे घेऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. आणि अभ्यास सोडू नये. खेळाची नोकरी मिळाली नाही तर पदवीच हाताशी राहते.

आता थोडे आपल्या मंडळांविषयी. 14 एप्रिल आला, की वस्तीवस्तीत वर्गणी निघते. ती निघावीच. पण पुष्कळ ठिकाणी त्यातला मोठा वाटा डीजेच्या भिंतीत जातो. कबड्डीचे सामने ठेवलेच तर पुरुषांचे, आणि मुलींच्या वाट्याला रांगोळी व संगीत खुर्ची! एका रात्रीच्या आवाजावर जेवढा खर्च होतो, त्याच्या लहानशा हिश्शात सात मुलींचे बूट आणि गुडघ्याच्या पट्ट्या येतील. मुलींच्या कबड्डीला मैदान लागते अवघे 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. बॅट नको, रॅकेट नको. मिठागरांच्या या गावात इमारती दाटल्या असल्या, तरी विहारामागे, शाळेच्या आवारात एवढी जागा मागून घेता येईल. मागणारे हवेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीत महिलांनी हा विषय काढावा आणि ठराव वहीत लिहूनच उठावे.

आणि घरातला ठराव आज रात्री करावा. संध्याकाळी पाच ते सात मुलीची सुट्टी. पाणी त्या दिवशी भावाने भरावे. मैदानातून आल्यावर तिला वाटीभर उसळ, एखादे अंडे, शेंगदाणे-गूळ मिळावा. सर्वांत शेवटी, उरलेले, असे तिचे ताट नसावे.

रमाईने गोवऱ्या थापून बाबासाहेबांच्या शिक्षणाला हातभार लावला. आपल्याला एवढे करायचे नाही. लेकीसाठी फक्त दोन तास काढायचे आहेत.

जय भीम!