टॅक्सीचं बिल

महिनाअखेर. एक्स्पेन्स शीट भरत होतो. टॅक्सीचे झाले होते २८०. हात आपोआप ३५० टाइप करून मोकळा. कोण बघतंय?

तेवढ्यात यूजीन सोल्टेस आठवले. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. एकीकडे उद्याचे सीईओ घडवणाऱ्या वर्गात शिकवायचं, दुसरीकडे शिक्षा झालेल्या साहेबांना तुरुंगात गाठायचं, असं अजब करिअर! पत्रं, फोन, भेटी करत ते जवळपास ५० जणांशी बोलले. बर्नी मॅडॉफसुद्धा त्यात होता. हे असं का करतात, हा एकच प्रश्न. २०१६ साली ‘व्हाय दे डू इट’ हे पुस्तक आलं.

मला वाटायचं, ही मंडळी पक्की हिशेबी असणार. फायदा किती, पकडलो तर काय, सगळं तोलून उडी मारणारी. सोल्टेस सांगतात, बहुतेकांनी एवढा विचारच केला नव्हता. ज्याचं नुकसान होणार, तो समोर नव्हता. म्हणून आत काही टोचलंच नाही.

मलाही कुठे टोचलं होतं? ७० रुपयांसाठी कुणी आत जात नाही, मान्य. पण ते ‘आपोआप’ खटकलं.

बॅकस्पेस. २८०.

तुमचं शीट सबमिट झालं का हो?