स्वस्त चहा महागात पडला

दारी आलेल्या पाहुण्याला चहा विचारला नाही, तर आपल्याकडे तो रुसलाच म्हणून समजा. साखर संपली असेल तर शेजारून वाटीभर उसनी आणू, पण चहा होणारच. म्हणूनच गृहिणींनी ठरवून घरातला चहा बंद केल्याची गोष्ट वाचली की मला नवल वाटतं.

ही गोष्ट अमेरिकेतली. अटलांटिकच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या १३ वसाहती होत्या. युद्धात अंगावर आलेलं कर्ज फेडायला इंग्लंडनं त्यांच्यावर कर बसवले, आधी कागदपत्रांवर, मग काच, रंग, कागद नि चहावर. पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. ओरड झाली, तेव्हा १७७० मध्ये बाकीचे कर उठले. चहाचा तेवढा ठेवला. हक्क आमचाच, हे दाखवायला!

१७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी (हो, तीच, आपल्या ओळखीची!) डबघाईला आली. तिला सावरायला तिचा चहा थेट अमेरिकेत विकायची परवानगी मिळाली. गंमत अशी, की त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. पण तो घेणं म्हणजे कर मान्य करणं. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. हे चित्र शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच पाहिलेलं आहे.

पण पेट्या एका रात्रीत बुडवता येतात. रोजची तलफ मारणं हे घरातलं काम. बायकांनी रासबेरीची पानं उकळली, विलायती कापड नको म्हणून घरी सूत कातलं. २५ ऑक्टोबर १७७४ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या इडेन्टन गावच्या ५१ जणींनी बहिष्काराच्या ठरावाला पाठिंबा देऊन खाली आपापली नावं घातली. बाईमाणसानं राजकारणावर सही करायची? लंडनमध्ये त्यांच्यावर व्यंगचित्र निघालं.

घरच्यांनी तरी कुठं मानलं म्हणा! मुलं नि शेती एकटीनं सांभाळणाऱ्या अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सनं ३१ मार्च १७७६ रोजी फिलाडेल्फियात बसलेल्या नवऱ्याला लिहिलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. वाचून हसू आलं, असं जॉनसाहेबांनी उलट कळवलं. ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, सगळी माणसं समान म्हणून. त्यात बायका नव्हत्या, नि गुलामही नव्हते. गुलामगिरी संपायला १८६५ उजाडलं.

१७८३ मध्ये इंग्लंडनं स्वातंत्र्य मान्य केलं, १७८७ मध्ये प्रजासत्ताकाची घटना लिहिली गेली. मत कोणाला द्यायचं, हे तिनं राज्यांवर सोडलं. एकट्या न्यू जर्सीत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या विधवा नि अविवाहित स्त्रिया मत देत. लग्न झालेलीला वगळलं होतं, कारण तिची मालमत्ता नवऱ्याची! १८०७ मध्ये तोही हक्क काढून घेतला. देशभर स्त्रियांना मत मिळालं ते १९२० साली. अ‍ॅबिगेलच्या पत्राला तेव्हा १४४ वर्षं झाली होती.