शब्दविचार : ‘ऑलमोस्ट’च्या पोटातील नकार

इंग्रजीतील ‘अबाउट’ आणि ‘ऑलमोस्ट’ ही क्रियाविशेषणे आपल्या सुशिक्षित घरांतूनही एकमेकांच्या जागी सर्रास योजिली जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. ‘अबाउट’ म्हणजे सुमारे. फारसी ‘शुमार’ म्हणजे गणती. तीवरून आलेला हा शब्द आकड्याच्या अलीकडची व पलीकडची अशा दोन्ही बाजू मोकळ्या ठेवितो. ‘ऑलमोस्ट’ म्हणजे जवळजवळ. तो केवळ अलीकडचीच बाजू दाखवितो.

उदाहरण आमच्या वसईचेच घेऊ. गुजराथच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. हा काळ २०४ वर्षांहून थोडा अधिक भरतो. म्हणून पोर्तुगीज अंमल ‘अबाउट’ दोनशे वर्षे चालला, हे म्हणणे यथार्थ होय. ‘ऑलमोस्ट’ दोनशे म्हणणे मात्र चूक. कारण दोनशे वर्षे केव्हाच उलटून गेली होती.

आपल्या पूर्वजांना ही सूक्ष्मता अपरिचित नव्हती. किंचित् अपुरेपणा दाखविण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात कल्प, देश्य व देशीय हे अर्थ देणारे तीन प्रत्यय सांगितले आहेत. ‘मृतकल्प’ म्हणजे मेल्यासारखा, अर्थात् अद्यापि जिवंत! मराठीची तऱ्हा याहूनही सुबोध आहे. ‘ही ऑलमोस्ट ड्राउन्ड’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘तो जवळजवळ बुडाला’ असे करितात. आपली आजी मात्र ‘बुडता बुडता वाचला’ असे म्हणेल. इंग्रजीत जो नकार पोटात दडलेला असतो, तो ती उघड करून सांगते.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट आहे असे कोणी समजू नये. इस्पितळातून ‘पेशंट ऑलमोस्ट आउट ऑफ डेंजर’ असा निरोप यावा, घरातील तरुणाने वडील मंडळींस ‘धोका टळला’ म्हणून सांगावे, आणि त्या रात्री सोबतीस कोणी जाऊ नये, असे सहज घडू शकते. वास्तविक त्या निरोपाचा अर्थ ‘धोका अजून आहे’ असाच असतो.

तेव्हा घरात कोणी ‘ऑलमोस्ट’ म्हणताच एकच प्रश्न करावा : ‘अजून काय राहिले?’ ‘अबाउट’ला हा प्रश्न लागू पडत नाही, ‘ऑलमोस्ट’ला मात्र त्याचे उत्तर द्यावेच लागते.