'लागणे' म्हणजे नक्की काय?



रविवारच्या मराठी वर्गासाठी आपण शब्दांच्या याद्या करतो. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे एक इंग्रजी शब्द. माझं स्पष्ट मत आहे, निदान क्रियापदांसाठी तरी ही पद्धत बंद करा.

'लागणे' घ्या. समोर लिहिलेलं असतं 'टू टच'. मग 'मला भूक लागली' मूल कुठून शिकणार? ते म्हणतं 'मी भुकेला आहे', आणि व्हिडिओ कॉलवर सगळे हसतात. असं दोन-तीनदा झालं की ते आजीशीसुद्धा इंग्रजीतच बोलतं. खरं नुकसान ते आहे.

मी पेशाने सीए, त्यामुळे मला हा खात्यांचा प्रश्न वाटतो. प्रत्येक व्हाउचरला नवं खातं उघडलं तर हिशोब वाचता येत नाही, आणि सगळंच 'किरकोळ'मध्ये टाकलं तर काहीच कळत नाही. भूक लागली, तहान लागली, झोप लागली हे एकच खातं, आपोआप होणाऱ्या गोष्टींचं. पण 'मला शंभर डॉलर लागतील' आणि 'मला लॉटरी लागली'? एकात पैसे जाणार, दुसऱ्यात आले! ही खाती वेगळीच हवीत. 'गुडघ्याला लागलं', 'दार लागलं', 'रडायला लागला' हीसुद्धा वेगळी.

कसोटी सोपी आहे. 'लागणे'च्या जागी दुसरा शब्द ठेवून बघा. हवे असणे, मिळणे, इजा होणे, बंद होणे, सुरू करणे. तो शब्द बदलला की अर्थ वेगळा धरा. प्रत्येक अर्थाखाली आधी घरातलं वाक्य, मग इंग्रजी.

"एवढे अर्थ बघून मुलं घाबरतील" असं काही जण म्हणतील. अहो, ही वाक्यं ती घरात रोज ऐकतात. फक्त कुणी त्यांना लावून दिलेली नसतात.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून) शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात. आपण जरूर वापरावेत. पण ते मोठ्यांसाठी आहेत. मुलांचा कोश आपल्यालाच करावा लागेल.

आणि हो, 'करावा लागेल' हे आणखी एक खातं! तुमच्या घरातली 'लागणे'ची वाक्यं खाली लिहा, पहिलं पान त्यातूनच करू.