रानमेवा जरूर खा. रानातले औषध मात्र विचारूनच

मे महिन्यात पसरणीचा किंवा आंबेनळीचा घाट चढताना वळणावळणावर पानांच्या द्रोणात काळीशार करवंदे मांडून बसलेल्या बायका दिसतात. कुणाकडे जांभळे असतात, कुणाकडे तोरणे, कुणाकडे आळू. महाबळेश्वरचे जंगलच मुळी जांभूळ, अंजनी, पिसा आणि हिरडा या झाडांचे. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण ती बाहेरून आलेली पाहुणी. इथला अस्सल मेवा रानातच पिकतो.

अलीकडे मात्र विकत घेण्यापेक्षा स्वतः रानात शिरून तोडण्याची हौस वाढली आहे. मोबाइलवर फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारी ॲप हाताशी असतात. फळांबरोबर गुळवेलीचे कांडे, कसली तरी साल, कुठली तरी मुळी पिशवीत येते आणि घरी काढा उकळू लागतो. सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून मी इथे एक स्पष्ट रेघ ओढतो. रानातले फळ खायला माझी हरकत नाही. रानातले औषध स्वतःच्या मनाने घ्यायला आहे.

कारण सोपे आहे. करवंद हे अन्न आहे. कित्येक पिढ्यांनी, पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी, ते खाऊन पाहिले आहे. फार खाल्ले तर पोट बिघडेल, एवढेच. औषध घेतो तो आजारी माणूस. त्याच्या आधीच्या गोळ्या चालू असतात, कधी मूत्रपिंड किंवा यकृत थकलेले असते, आणि दुष्परिणाम दिसायला कधी कधी महिने लागतात. त्यामुळे ‘आमची आजीही खायची’ हा फळाच्या बाबतीत भक्कम पुरावा आहे. औषधाच्या बाबतीत तो तोकडा पडतो.

गुळवेलीचेच पाहा. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी तिचे काढे झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेले आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्यांनी ते २०२१ मध्ये शोधनिबंधात मांडले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे, की गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. यकृततज्ज्ञ बरोबर असतील तर धोका वेलीत आहे, मंत्रालय बरोबर असेल तर धोका ओळखण्यात आहे. कुंपणावरची वेल तोडून उकळणाऱ्याला दोन्हीकडून धोकाच.

रानातल्या झाडाचे औषध कसे होते, याचे उत्तम उदाहरण सह्याद्रीतच आहे. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते प्रथम अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळे केले. कर्करोगावर ते चालते हे दिसले, पण मूळ रूपात ते इतके विषारी ठरले की रुग्णांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून त्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत रुग्णांपर्यंत यायला १९९६ साल उजाडले. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षे! आणि त्या मागणीपायी आपल्याकडचा नरक्या बेसुमार तोडला गेला, तो वेगळाच.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पावसाळ्यात फुलणारी कळलावी आठवावी. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखे फूल, आणि कंदात कोल्चिसिन हे जहाल विष. सुरुवातीला फक्त उलट्या-जुलाब होतात, म्हणून ‘काहीतरी बाधले’ असे वाटते. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी होऊ लागते. बाळंतपणाच्या कळा लावण्यासाठी ती वापरत, म्हणून हे नाव. आज तो प्रयोग कुणीही करू नये. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून शाळकरी मुले त्या खातात आणि उलट्यांनी बेजार होतात.

रानातले ठोकताळेही भरवशाचे नाहीत. पक्षी खातात ते आपल्याला चालते, असे म्हणतात. पण काजऱ्याची फळे धनेश खातो आणि त्याच काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असते. चीक येणारे झाड विषारी, असेही म्हणतात. मग कच्च्या करवंदाचा चीक कुठे जातो?

पक्ष्यांवरून वटवाघळे आलीच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या. यावरून घाबरून करवंदे सोडण्याचे कारण नाही. पण कुरतडलेले, चोच किंवा दात लागलेले, झाडाखाली पडलेले फळ उचलू नये, आणि बाकीचे स्वच्छ धुऊन खावे, एवढे पथ्य पाळायलाच हवे.

मधुमेहाच्या रुग्णांना खास सांगणे. जांभूळ खा, बेताने खा. पण बियांच्या चूर्णाच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका. गोळ्यांबरोबर चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. इथे दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. ‘झाडपाला घेता का?’ हे आम्ही विचारतो ते दरडावून, म्हणून रुग्ण लपवतात. हा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीइतक्या सहजपणे विचारला पाहिजे.

काही चुकीचे खाल्ले गेलेच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी, फळ किंवा कंद बरोबर आणा. नाव चुकीचे सांगितले जाऊ शकते, फांदी खोटे बोलत नाही. डोंगरी भागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात परिसरातल्या दहा-बारा विषारी वनस्पतींची चित्रे लावायला फारसा खर्च येणार नाही. ते काम आपल्या आरोग्य खात्याने आणि वन खात्याने मिळून करावे.

तोवर शहरातून येणाऱ्यांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग आहेच. द्रोण विकत घ्या, घासाघीस करू नका. कुठले फळ कधी पिकते, कुठले तोडायचे नाही, हे त्या बायकांना ॲपपेक्षा चांगले कळते. आपण मोजतो ते पैसे त्या माहितीचेही आहेत.